ऐकणे म्हणजे फक्त आज्ञा पाळणे का?

आज आपण हिब्रू बायबलमधला एकच शब्द घेऊ : 'शामा', म्हणजे ऐकणे. 'आज्ञा पाळणे' यासाठी त्या भाषेत वेगळं असं सर्वसाधारण क्रियापद नाही. ते कामही 'शामा'च करतो. आपल्याला हे जड जाऊ नये. 'पोरगं ऐकत नाही' असं आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या कानात दोष आहे असं कुणी समजत नाही.

अडचण येते ती भाषांतरात. १ राजे, अध्याय ३ मध्ये शलमोन देवाकडे 'लेव शोमेआ' मागतो, शब्दशः ऐकणारं हृदय. पुष्कळ भाषांतरांत ते 'समंजस' किंवा 'विवेकी' मन होतं. अर्थ चुकत नाही, पण कान गळतो. त्याच अध्यायात पुढे दोन स्त्रिया एका बाळावरून भांडत येतात. तलवार मागवण्याआधी शलमोन दोघींचं म्हणणं स्वतः बोलून दाखवतो. बघा, न्याय ऐकण्यापासून सुरू होतो.

कधी शब्दाला शब्द ठेवूनही फसगत होते. हिब्रूत 'कान उघडणे' म्हणजे एखादी गोष्ट कानावर घालणे. रूथच्या ४थ्या अध्यायात जमिनीची गोष्ट नातलगाला सांगताना बवाज हाच वाक्प्रचार वापरतो. मराठीत 'कानउघाडणी' म्हटलं, तर तो त्याला झापतोय असं वाटेल!

पण आमचा मुख्य आक्षेप वेगळा आहे. 'शामा बेकोल', म्हणजे कुणाच्या आवाजाकडे कान देणे. देवाचा आवाज असला की आपण पटकन 'आज्ञापालन' वाचतो. पण उत्पत्ती २१ मध्ये देव अब्राहामाला सांगतो, साराचं ऐक. यहोशवा १० मध्ये तर देव माणसाचं ऐकतो. शब्द तेच.

आणि साराच्या सांगण्यावरून ज्याला घराबाहेर काढलं, त्या इश्माएलच्या नावाचा अर्थच 'देव ऐकतो'. त्याच अध्यायात, पाणी संपलेलं असताना, रानात त्या मुलाचा आवाज देव ऐकतो. तिथे आज्ञा कसली?

'आज्ञापालन' म्हटलं की ऐकायचं ते फक्त खालच्यानं वरच्याचं, असं होऊन बसतं. मूळ शब्द दोन्ही बाजूंना कान देतो. मराठीतलं साधं 'ऐकणे' हा भार पेलतं. मग ते सोडायचं कशाला?