हप्ता, भूक आणि फितुरी : ‘द हार्डर दे कम’

भ्रष्ट पोलीस म्हणजे लाच खाणारा एखादा वाईट माणूस, अशी सोयीची समजूत प्रस्थापित कलेने रुजवली आहे. जमैका बेटावर पेरी हेन्झेलने काढलेला ‘द हार्डर दे कम’ (१९७२) हा चित्रपट ती मोडतो, म्हणून त्याची दखल घेतली पाहिजे.

खेड्यातून किंग्स्टनला आलेल्या इव्हानच्या गाण्याचे निर्माता वीस डॉलर देतो. पोटासाठी तो गांजाच्या धंद्यात शिरतो. धंदा पोलिसांच्या संमतीनेच चालतो. डिटेक्टिव्ह रे जोन्सला हप्ता पोचतो. इव्हान पोलिसांवर गोळ्या झाडून फरारी होतो, वस्ती त्याला लपवते. तेव्हा जोन्स काय करतो? धंदाच बंद पाडतो. वस्ती उपाशी पडली की माणूस हाती लागेल, हा त्याचा हिशेब. गरिबाची चूल केव्हा पेटावी हे ठरवण्याचा अधिकार, हा हप्त्याचा खरा अर्थ इथे उघडा पडतो.

या अधिकाराची मुळे जुनी आहेत. १८६५ साली मोरंट बे येथे काळ्या कष्टकऱ्यांनी उठाव केला आणि १८६७ साली जमैका कॉन्स्टॅब्युलरी उभी राहिली. १९६२ साली स्वातंत्र्य आले. दल तेच राहिले. मे २०१० मध्ये एका डॉनला पकडण्यासाठी पोलीस आणि सैन्य टिव्होली गार्डन्समध्ये घुसले, सुमारे सत्तर नागरिक मेले. त्या वस्तीत कायद्यापेक्षा डॉनचा शब्द चालत होता. पोलिसांवरचा विश्वास उडाला की ती जागा रिकामी राहत नाही, हे यातून समजावे. पोलिसांच्या गोळीबाराची चौकशी करणारा स्वतंत्र आयोगही त्याच २०१० साली आला, स्वातंत्र्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी.

मात्र चित्रपट एका जागी कमी पडतो. पेड्रोच्या आजारी मुलाचे हाल पाहून एल्सा इव्हानचा पत्ता पाद्रीकडे उघड करते. कॅमेरा इव्हानच्या पिस्तुलांत रमतो. एल्साच्या मनातली उलघाल पाहायला थांबत नाही. तिला फितूर म्हणून आपण मोकळे होणार काय? शोषितांचा एकमेकांवरचा विश्वास भुकेने विकत घेणे, ही जोन्सची सर्वांत मोठी चोरी आहे, आणि ती कुठल्याच फिर्यादीत नोंदली जात नाही.

आपल्या कथांतही चौकीतली लाठी आणि शिवी येते. शेजाऱ्याला खबऱ्या कोणी केले, हेही आता लिहिले गेले पाहिजे.