दळून केलेले पॉलिमर कितपत हरित?

पोलादी गोळ्यांच्या डब्यात घन पदार्थ भरायचे, डबा जोराने हलवायचा, की द्रावकाशिवाय पॉलिमर तयार! यांत्रिक बलाने घडवलेल्या रासायनिक क्रियांचे वर्णन बहुधा असेच केले जाते आणि त्यांना लगोलग ‘हरित’ म्हटले जाते. हे विशेषण देण्याआधी तीन प्रश्न विचारावेत, असे आम्हाला वाटते.

पहिला, तुलना कशाशी? पॉलिलॅक्टिक आम्ल असे दळून बनवता येते, हे खरे. पण कारखान्यांतही ते वितळलेल्या लॅक्टाइडपासून, द्रावक न वापरताच बनवतात. मग बचत झालीच, तर उष्णतेची. तीही डबा हलवायला लागणारी वीज वजा करून.

दुसरा, नंतरचे काय? तयार पदार्थातून उरलेला कच्चा माल धुऊन काढायला द्रावक लागला, तर तोही हिशेबात धरायला हवा.

तिसरा, बल फक्त जोडतेच का? १८२० साली लंडनमध्ये टॉमस हॅनकॉकने रबराचे तुकडे दातेरी यंत्रात घातले. त्यांचा भुगा न होता मऊ गोळा झाला, कारण रबराच्या लांब रेणुसाखळ्या तुटल्या होत्या. दळताना साखळ्या वाढतात, तशा तुटतातही.

म्हणून ही पद्धत टाकाऊ ठरत नाही. जे पदार्थ विरघळत नाहीत किंवा उष्णतेने बिघडतात, त्यांच्यासाठी ती मोलाची आहे. १९९८ साली अनास्तास आणि वॉर्नर यांनी हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली. द्रावक टाळणे हे त्यांपैकी फक्त एक. उरलेल्या अकरांचा ताळा वर्गात विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावा.