पंजा उचलला म्हणजे दुखले का?

वेदनेवरच्या संशोधनाची बातमी वर्तमानपत्रात येते तेव्हा तिच्यात बहुधा एक उंदीर असतो, एक अवघड नावाचे रसायन असते आणि शेवटी ‘वेदनेचे कोडे उलगडले’ असा निर्वाळा असतो. असे कात्रण वर्गात आले की एखादा चौकस विद्यार्थी विचारतोच, “सर, उंदराला दुखतंय हे त्यांना कसं कळलं?” प्रश्न साधा आहे, पण साऱ्या विषयाचे मर्म त्यातच आहे. वेदनेला वजन नाही, लांबी नाही. ती ज्याची त्याला कळते. मग प्रयोगशाळेत मोजतात ते काय? हे तपासण्यासाठी नागपूर विद्यापीठात झालेले एक संशोधन आम्ही येथे घेतले आहे. ते चांगले आहे म्हणूनच घेतले आहे. कच्च्या कामावर टीका करून फारसे शिकायला मिळत नाही.

काय केले, काय मोजले

डॉ. निशिकांत सुभेदार, डॉ. दादासाहेब कोकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा निबंध २००९ साली ‘न्यूरोपेप्टाइड्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चेतेलाच इजा झाली की जे दुखणे मागे लागते, त्यावर मॉर्फीन काम करते तेव्हा मेंदूतील ‘न्यूरोपेप्टाइड वाय’चा त्यात काय वाटा असतो, हा त्याचा विषय. मधुमेहात तळपायांची आग होते, नागीण बरी झाल्यावरही त्या जागी कित्येक महिने भाजल्यासारखे होत राहते, ती याच जातीची दुखणी. मॉर्फीन हे अफूपासून मिळणारे जुने वेदनाशामक. पण ते घेत राहिले की त्याचा गुण ओसरत जातो आणि एकदम थांबवले की दुखणे उसळते. न्यूरोपेप्टाइड वाय ही ३६ अमिनो आम्लांची छोटी साखळी. ती १९८२ साली डुकराच्या मेंदूतून वेगळी करण्यात आली आणि भुकेशी असलेल्या संबंधामुळे अधिक प्रसिद्ध झाली.

प्रयोगात उंदराच्या मागच्या पायात उतरणारी जाड सायटिक चेता बांधतात. मग काचेच्या तळाखालून त्या पंजावर उष्णतेचा झोत सोडतात आणि पंजा उचलायला किती सेकंद लागले ते मोजतात. चेता बांधलेला उंदीर पंजा लवकर उचलतो. मॉर्फीन दिले की तो उशिरा उचलतो. न्यूरोपेप्टाइड वाय मेंदूत सोडले तरी उशीर होतो, आणि दोन्ही मिळून दिल्यास परिणाम वाढतो. या पेप्टाइडचा ग्राही अडवून धरणारे रसायन दिले की मात्र चित्र उलटे होते. औषधाची पहिली मात्रा, दीर्घकाळ चाललेले औषध आणि ते थांबवल्यानंतरचा काळ अशा तिन्ही अवस्था संशोधकांनी पाहिल्या. मेंदूच्या कापांत हे पेप्टाइड कोठे कमी-जास्त झाले तेही तपासले.

या मांडणीतला एक गुण शिक्षकांनी मुद्दाम दाखवावा असा आहे. एखादे रसायन वाढवल्यावर परिणाम वाढला, एवढ्याने त्या रसायनाचा हात सिद्ध होत नाही. त्याची वाट अडवल्यावर परिणाम घटतो का, हेही पाहावे लागते. येथे दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. शाळेच्या प्रयोगवहीतही ही शिस्त आणता येते.

वर्दी आणि वेदना

आता मापाकडे वळू. पायाच्या अंगठ्याला ठेच लागली की आधी सणक जाते आणि मग ठणका सुरू होतो. सणक नेणारे चेतातंतू सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर वेगाने संदेश नेतात. ठणका नेणारे बारीक तंतू अर्धा ते दोन मीटर. अंगठ्यापासून मेरुरज्जूपर्यंतचे अंतर जेमतेम मीटरभर, म्हणून दोहोंमध्ये सेकंदाच्या आसपास फरक पडतो. मराठीने या दोघींना वेगळी नावे केव्हाच देऊन ठेवली आहेत.

पण पाय मागे घ्यायला यांपैकी काहीही जाणवावे लागत नाही. ती प्रतिक्षिप्त क्रिया मेरुरज्जूतच पुरी होते. अपघातात मेरुरज्जू तुटलेल्या माणसाच्या तळव्याला टाचणी टोचली तर पाय आखडू शकतो, आणि त्या माणसाला टोचल्याचा पत्ताही नसतो. इजेची वर्दी पोचली, वेदना मात्र झाली नाही. उलट बाजूही आहे: पाय कापून टाकलेल्या माणसाला त्या नसलेल्या पायात कळा येतात. तेथे पायातून वर्दी देणारे कोणी उरलेले नाही, वेदना मात्र आहे.

नागपूरच्या संशोधकांना हा भेद ठाऊक होता. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात ‘नोसिसेप्शन’ हा शब्द आहे, म्हणजे इजेची वर्दी. ‘पेन’ हा शब्द त्यांनी तेथे वापरलेला नाही. घोटाळा होतो तो पुढे. निबंधातून सारांशात, सारांशातून बातमीत आणि बातमीतून वर्गात येताना ‘वर्दी’ची ‘वेदना’ होऊन जाते.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की या प्रयोगात पंजाची हालचाल निव्वळ मेरुरज्जूची राहिलेली नाही. पेप्टाइड मेंदूत सोडले आणि पंजा उशिरा उचलला गेला. म्हणजे मेंदू खाली आज्ञा पाठवून मेरुरज्जूतले दार लोटून घेऊ शकतो. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलेल्या ‘दारा’च्या कल्पनेत याचे बीज होते. तरीही एक शंका अशा प्रत्येक प्रयोगाला विचारावी लागते. पंजा उशिरा उचलला तो दुखणे कमी झाल्यामुळे, की औषधाने प्राणी सुस्त झाल्यामुळे? सेकंदांचा आकडा एकटा याचे उत्तर देत नाही.

दुसरा मार्ग

याच २००९ साली अमेरिकेत अॅरिझोना विद्यापीठातील टॅमारा किंग, फ्रँक पोरेका आणि सहकाऱ्यांनी प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला. चेतेला इजा केलेल्या उंदराला एका कप्प्यात नुसते द्रावण दिले आणि दुसऱ्या कप्प्यात वेदनाशामक. नंतर दारे उघडी ठेवली. उंदीर औषध मिळालेल्या कप्प्यात जाऊन बसू लागला. इजा नसलेल्या उंदराला त्या कप्प्याचे काही विशेष वाटले नाही. म्हणजे कोणी पंजाला हात न लावताही इजा झालेल्या उंदराला काहीतरी सलत होते. आणखी महत्त्वाचे असे, की अॅडेनोसिन या रसायनाने पंजाची अतिसंवेदनशीलता गेली, पण उंदराने त्या कप्प्याची निवड केली नाही. एका मापाने औषध लागू पडले, दुसऱ्याने नाही.

नागपूरच्या गटाचे कामही पुढे प्राण्याच्या स्वतःच्या निवडीकडे वळले. मॉर्फीन हवेहवेसे का वाटते, यावर त्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उंदीर स्वतः कळ दाबून आपल्या मेंदूला विजेचे उद्दीपन देतो. प्रतिक्षिप्त क्रियेपेक्षा हे माप प्राण्याच्या अनुभवाच्या अधिक जवळचे आहे, असे आम्हांला वाटते.

हा भेद नुसता शब्दांचा नाही. त्यापायी वर्षे आणि पैसा गेला आहे. ‘सबस्टन्स पी’ हे पेप्टाइड १९३१ साली सापडले. इजेची वर्दी पोचवण्यात त्याचा हात आहे हे पुढे दिसले आणि १९९० च्या दशकात त्याचा ग्राही अडवणारी औषधे तयार झाली. प्राण्यांत ती वेदनाशामक ठरली. माणसांत ती वेदनेवर चालली नाहीत. त्याच कुळातले ॲप्रेपिटंट हे औषध २००३ साली अमेरिकेत मान्य झाले, ते कर्करोगाच्या औषधांमुळे होणाऱ्या उलट्यांवर. पंजाच्या भाषेतले उत्तर माणसाच्या भाषेत जसेच्या तसे उतरले नाही.

शंकेलाही मर्यादा

येथे एक धोका आहे. ‘ही तर नुसती प्रतिक्षिप्त क्रिया’ हे वाक्य फार सोयीचे असते. नवजात बालकांविषयी वैद्यकाने अनेक दशके तेच म्हटले आणि १९८० च्या दशकापर्यंत कित्येक बालकांवर पुरेशा वेदनाशामकाविना शस्त्रक्रिया होत राहिल्या. कंवलजीत आनंद आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवले की शस्त्रक्रियेत नेमके वेदनाशामक दिल्यास अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावरचा ताण स्पष्टपणे घटतो. बाळाला सांगता येत नव्हते, एवढेच.

आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा दोन्ही गोष्टी नोंदवल्या: वर्दी आणि वेदना एक नव्हेत, आणि ज्याला बोलता येत नाही, मग तो माणूस असो वा प्राणी, त्याला वेदना होत नसेल असे म्हणता येत नाही. जो दुखते म्हणतो, त्याच्या सांगण्याचा मान राखावा, असेही तेथे म्हटले आहे.

म्हणून नागपूरच्या संशोधनाबद्दल आमचे मत असे: इजेची वर्दी मेंदू कशी आवरतो आणि मॉर्फीन त्यात कोणाची मदत घेते, या मर्यादित प्रश्नावर ते भक्कम आहे. वेदना म्हणजे काय, हा प्रश्न त्याने सोडवलेला नाही आणि तसा दावा त्याच्या शीर्षकातही नाही. वाचकाने त्याला तेवढेच श्रेय द्यावे, आणि तेवढे जरूर द्यावे.

वर्गात याचा उपयोग दोन प्रकारे होईल. दुखण्याला मराठीत जितके शब्द आहेत, म्हणजे सणक, कळ, ठणका, आग, भगभग, मुंग्या, ते मुलांकडून फळ्यावर लिहून घ्यावेत आणि यांतला कोणता शब्द सेकंदांत मोजता येईल ते विचारावे. मेल्झॅक यांनी १९७५ साली अशाच शब्दांवरून रुग्णांसाठी प्रश्नावली बनवली होती. ती आजही वापरात आहे. दुसरा उपयोग रोजचा आहे. तपासणीत काही निघाले नाही, पण पोट दुखते असे म्हणणारा मुलगा प्रत्येक शाळेत असतो. आपल्या हातातल्या साधनाने वर्दी सापडली नाही, एवढाच त्या तपासणीचा अर्थ. त्याचे दुखत नाही असे ठरवण्याचा अधिकार ती आपल्याला देत नाही.