त्या संध्याकाळी आपण कोठे होता?

जानेवारीचा शेवट आला की आमच्या नियतकालिकांतून एका ठराविक साच्याचे लेखन हमखास वाचावयास मिळते. 30 जानेवारी 1948, शुक्रवार, सायंकाळचे पाच वाजून सतरा मिनिटे, दिल्लीच्या बिर्ला भवनातील प्रार्थनेची वाट, तीन गोळ्या. एवढे सांगून झाले की लेखक दिल्ली सोडतो आणि आपल्या गावी परततो. कोणी त्या वेळी तालमीत होता, कोणी तुळशीपुढे दिवा लावीत होती, कोणी परवचा म्हणत होता. इतक्यात कोणीतरी धावत आले. ज्यांना हे स्वतः आठवते अशी माणसे आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. त्यामुळे अलीकडे या आठवणी मुलानातवांनी ऐकून लिहिलेल्या असतात. टीकाकार या लेखनाच्या वाटेस जात नाहीत. श्रद्धेचा विषय म्हणून ते बाजूस ठेवले जाते. आमच्या मते हा एक वाङ्मयप्रकार आहे, आणि वकिलाच्या पेशास स्मरून म्हणावयाचे तर ती एक साक्षही आहे. साक्ष म्हटली की उलटतपासणी आलीच.

या आठवणी लख्ख असतात यात शंका नाही. अब्राहम लिंकन यांची हत्या 1865 मध्ये झाली. पुढे तेहेतीस-चौतीस वर्षांनी कोलग्रोव्ह नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 179 लोकांस, ती वार्ता कानी आली तेव्हा आपण कोठे होता, असे विचारले. त्यांपैकी 127 जणांनी जागा, वेळ, सोबतीचे माणूस असा तपशीलवार जबाब दिला. परंतु लख्ख म्हणजे खरे नव्हे. 28 जानेवारी 1986 रोजी 'चॅलेंजर' हे अवकाशयान आकाशात फुटले. दुसऱ्याच दिवशी नाइसर व हार्श या संशोधकांनी एमरी विद्यापीठातील 106 विद्यार्थ्यांकडून, ही बातमी आपणांस कशी कळली ते लिहून घेतले. अडीच वर्षांनी त्यांतील 44 जणांस तेच पुन्हा विचारले, तेव्हा सुमारे चौथा हिस्सा विद्यार्थ्यांचा एकही मुद्दा मूळच्या जबाबाशी जुळला नाही. खात्री मात्र बहुतेकांची होती!

दुसऱ्यास हसण्यापूर्वी आमचेच सांगतो. 21 मे 1991 च्या रात्री श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधी मारले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी हेडमास्तरांनी आम्हां मुलांना मैदानात उभे करून ही वार्ता सांगितली व शाळा सोडून दिली, असे आम्ही कितीतरी वर्षे शपथेवर सांगत आलो. एका कनिष्ठ वकीलभगिनीने आम्हांस सहज विचारले, "मे महिन्यात आपली शाळा चालू होती का, साहेब?" बेळगावात मे महिन्यात कोणती शाळा चालू असते? आमचे मैदान, आमचे हेडमास्तर, रांगेतला तो ऊन लागून पडलेला मुलगा, सारेच निकालात निघाले.

तेव्हा तपशील चुकतो ही या लेखनाविरुद्धची मोठी तक्रार नव्हे. 30 जानेवारीच्या रात्री पंडित नेहरू आकाशवाणीवरून बोलले. ते भाषण आपण 'स्वतः ऐकले' असे सांगणारे आम्हांस इतके भेटले आहेत की मोजदाद नाही. स्वातंत्र्याच्या वेळी देशात उणीपुरी सहा आकाशवाणी केंद्रे व सुमारे पावणेतीन लाख रेडिओ होते. आळीतल्या एका रेडिओभोवती पन्नास माणसे गोळा होत हे खरे. तरी सगळ्यांचा हिशेब जुळत नाही. जुळला नाही म्हणून काय बिघडले? मागाहून ऐकलेला आवाज त्या रात्रीत जाऊन बसला, इतकेच.

खरी तक्रार निराळी आहे. या आठवणींत सांगणारा नेहमी साक्षीदार असतो. आरोपी कधीच नसतो. पेढे वाटले गेले असे अनेक जण लिहितात, पण ते पेढे नेहमी शेजारच्या आळीत वाटले जातात. लिहिणाऱ्याच्या घरात त्या दिवशी चूल पेटलेली नसते. दुसऱ्या दिवसापासून साताऱ्यात, सांगलीत, कोल्हापुरात व भोवतालच्या खेड्यांत, मारेकरी ब्राह्मण म्हणून ब्राह्मणांची घरे जाळली गेली. भालजी पेंढारकरांचा कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओही त्यात गेला. त्या घरांच्या आठवणी पुष्कळ आहेत. पण रॉकेलचा डबा आपल्या हाती होता अशी एकही आठवण आमच्या वाचनात नाही. आणि ज्यांची घरे जळाली त्यांच्या लेखनातून तरी काय होते? दिल्लीत मारला गेलेला म्हातारा पहिल्या परिच्छेदात मरतो आणि पुन्हा दिसत नाही. अनेक वाड्यांतून गहाणखते व कर्जरोखेही जळाले. ते कोणाच्या नावचे होते, हे सांगण्यास कोणास सवड नसते.

पुरावा कायद्यात एक मार्मिक तरतूद आहे. 1872 च्या कायद्यात ती होती, 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहे. ऐकीव गोष्ट सामान्यतः कोर्टास चालत नाही; परंतु मृत माणसाचे जे विधान त्याच्या स्वतःच्याच हिताविरुद्ध जाते ते ग्राह्य धरले जाते, कारण आपल्याच अंगावर येईल असे खोटे माणूस सहसा बोलत नाही. या लेखनास लावावयाची कसोटी आम्हांस हीच वाटते. लेखकाच्या अंगावर येणारे एक तरी वाक्य त्यात आहे काय?

या कसोटीस उतरणारे पुस्तक शोधू गेल्यास व्यंकटेश माडगूळकरांच्या 'वावटळ' या 1964 सालच्या कादंबरीपाशी थांबावे लागते. पुण्याहून गावाकडे निघालेले तरुण आणि वाटेवरची धास्तावलेली, जळती गावे, एवढाच तिचा ऐवज. माडगूळकर त्या संध्याकाळच्या क्षणाभोवती घुटमळत नाहीत. ते माणसांना चालावयास लावतात, आणि चालता चालता ओळखीचा मुलूख अनोळखी होत जातो. आक्रोश नाही, फिर्याद नाही. भीती मात्र पानोपानी आहे. भीती ही मोठेपणा देणारी गोष्ट नव्हे, आणि लेखक ती लपवीत नाही, म्हणून त्याच्या शब्दावर विश्वास बसतो. तथापि 'वावटळ'ही जळणाऱ्या घरांच्या बाजूनेच पाहते. जाळावयास निघालेल्या माणसाच्या मनातून लिहिलेली कादंबरी मराठीत आमच्या पाहण्यात आलेली नाही. ती येईपर्यंत हे दप्तर अर्धेच राहणार.

आठवण अंगावर कशी येते याचे एक उदाहरण इतिहासातही आहे. 12 नोव्हेंबर 1964 रोजी पुण्यात, शिक्षा भोगून सुटलेल्यांच्या स्वागतासाठी, सत्यविनायकाची पूजा झाली. तेथे लोकमान्यांचे नातू ग. वि. केतकर यांनी, हा बेत आपणांस आधीच ठाऊक होता, असे भर सभेत सांगितले. देशभर गदारोळ झाला, आणि अखेर न्यायमूर्ती कपूर यांचा चौकशी आयोग बसला. त्याचा अहवाल 1969 मध्ये आला. कोणास काय व केव्हा ठाऊक होते, हे आयोगाने 101 साक्षीदारांना जवळजवळ वीस वर्षांनी विचारले. पाठीमागे वळून पाहणाऱ्यांच्या त्या गर्दीत, आपण वेळीच सावध केले होते, असे म्हणणारे काही कमी नव्हते.

ग्वाल्हेरच्या वाचकांस हे अधिक समजेल. पिस्तूल तेथून आले. खटल्यात तेथील एका डॉक्टरांना शिक्षा झाली व अपिलात ते निर्दोष सुटले. लष्करातील जुन्या मराठी घरांतून त्या वर्षाविषयी विचारले की चहा येतो. गोव्यात व हैदराबादेत प्रश्नच निराळा, कारण त्या संध्याकाळी तेथील सरकारांच्या लेखी हे दुःख परराज्याचे होते. घरांतून मात्र तसे मानले गेलेले दिसत नाही.

आता आमच्या आजीचे. ती सातारा जिल्ह्यातील एका खेड्यातली. वाडा जळाल्यावर कुटुंब बेळगावी आले. शाळेच्या कार्यक्रमांतून ती दरवर्षी आठवण सांगे: रेडिओवर नेहरूंचा आवाज ऐकला, सगळे गाव निःशब्द झाले, कोणी जेवले नाही. वस्तुतः गावात रेडिओ नव्हता; वार्ता दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरने आणली. हे तिनेच एकदा स्वयंपाकघरात सांगितले, आणि पुढे म्हणाली, "आधी मारणारा कोण ते विचारलं रे आम्ही. नाव ऐकलं आणि रडू आलंच नाही, पोटात गोळा आला. दुपारी ओसरीवर बसून रडले, ती लोकांनी पाहावं म्हणून." शाळेतल्या व्यासपीठावर हे वाक्य ती कधी बोलली नाही. आम्हीही तिच्या हयातीत ते कोठे लिहिले नाही.

त्याच दिवशी धीर करून आम्ही विचारले, "वाडा पेटवणाऱ्यांत ओळखीचं कोणी होतं का?" आजी सुपात तांदूळ निवडीत होती. हात थांबला नाही.

"होता एक," ती म्हणाली. "त्याच्याच आईनं आम्हांला रात्रभर कडब्याच्या गंजीमागं दडवलं. पहाटे भाकरी दिली, आणि म्हणाली, वहिनीसाहेब, त्याचं नाव कोणाला सांगू नका."

नाव तिने आम्हांसही सांगितले नाही.