अनुदान आणि अवलोकन

केंद्रशासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००८ मध्ये आरंभिलेल्या स्टार महाविद्यालय योजनेने पदवीवर्गातील जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांस स्वहस्ते प्रयोग करण्यास साहाय्य दिले, हे तिचे श्रेय निर्विवाद होय. तथापि अशा अनुदानाचे यश केवळ उपकरणांच्या खरेदीवरून मोजणे योग्य नव्हे. सूक्ष्मदर्शक एकदा घेतला की पुष्कळ वर्षे पुरतो. अवलोकन मात्र ऋतुमानाप्रमाणे पुनःपुन्हा करावे लागते. जव्हार-मोखाडा भागातील वांगणीसारख्या गावी नाचणी-वरईच्या वाणांचा अभ्यास करावयाचा, तर राब भाजण्यापासून मळणीपर्यंत विद्यार्थ्याने अनेकदा शेतावर गेले पाहिजे. त्यासाठी लागतो तो प्रवासखर्च आणि शिक्षकाचा वेळ. म्हणून अनुदानाच्या अहवालात उपकरणांच्या यादीबरोबरच विद्यार्थ्यांच्या नोंदवह्यांचीही तपासणी व्हावी, असे सुचवावेसे वाटते.