नाना फडणिसांचें आत्मचरित्र व त्याची साक्ष

नाना फडणीस यांचें चरित्र म्हणजे हल्लीं वकिली कैफियतींचा विषय होऊन बसला आहे. कोणी त्यांस राज्याचा आधारस्तंभ म्हणतो, कोणी मराठ्यांचा मॅकिआव्हेली. आणि उभय पक्ष नानांच्या आत्मचरित्राचीच साक्ष काढतात, ही आमची मुख्य तक्रार आहे. तें प्रकरण जन्मापासून (इ. स. १७४२) पानिपतापर्यंत (१७६१) व तदनंतरच्या थोड्या काळापर्यंत येऊन थांबतें. नारायणरावांचा वध १७७३ चा. बारभाईंचें कारस्थान त्याच्याही मागाहूनचें. मग तेथील हेतूंचा निवाडा या लेखावरून कसा व्हावा?

तरुणपणींच्या चित्तचांचल्याची त्यांत जी मोकळी कबुली आहे, ती भक्तांस सलते, टीकाकारांस गोड लागते. आमच्या मतें तीच त्या लेखाच्या खरेपणाची खूण. ती गाळणें किंवा फुगविणें, दोन्ही अपराधच. ब्रिग्जसाहेबांचें इंग्रजी भाषांतर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच निघालें. त्यावरून उलट मराठी करून कोणी तेंच मूळ म्हणून पुढें आणील, तर प्रत पाहिल्यावांचून तें मानूं नये.

खरेशास्त्र्यांचें नानाचरित्र १८९२ चें. त्यांचाच ऐतिहासिक लेखसंग्रह १८९७ पासून निघूं लागला, आणि पेशवे दप्तरांतील निवडक कागद तर १९३० नंतर छापले गेले. १८९२ चें विधान शेवटचा निकाल म्हणून दाखविणें हा खुद्द शास्त्रीबोवांवर अन्याय आहे.

ज्यांच्या संग्रहीं आत्मचरित्राची हस्तलिखित प्रत असेल, त्यांनीं शुद्धलेखन न सुधारतां तिची नक्कल मंडळाकडे पाठवावी. पाठभेद तळटिपेंत जातील.