जेडच्या पदकांतील कोरीवकाम : गुणवत्तेच्या कसोट्यांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना :

जेडच्या पदकाचे मोल सांगताना सामान्यतः तीन गोष्टींचा उल्लेख केला जातो : दगडाचा रंग, त्याची अर्धपारदर्शकता आणि कोरीवकामातील बारकावे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी रत्नशास्त्राच्या साधनांनी तपासता येतात. तिसरी मात्र पाहणाऱ्याच्या दृष्टीवर सोडली जाते आणि ही दृष्टी बहुधा 'जितके बारीक, तितके चांगले' या समीकरणावर विसंबते. हे समीकरण कलेच्या इतिहासाला धरून नाही. आता तर यंत्राने वाटेल तितका बारकावा काढता येत असल्यामुळे ते निरुपयोगीही ठरले आहे. जेडमधील कोरीवकामाची गुणवत्ता किती कोरले यावरून ठरत नाही. काय काढून टाकले, काय राखले आणि दगडाच्या स्वभावाशी कसा मेळ साधला यांवरून ती ठरते, ही भूमिका प्रस्तुत लेखात मांडली आहे.

माध्यमाचा स्वभाव :

'जेड' या एका नावाखाली दोन भिन्न खनिजद्रव्ये येतात. नेफ्राइट आणि जेडाइट यांतील भेद फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ दामूर यांनी 1863 मध्ये स्पष्ट केला. नेफ्राइटचे काठिण्य सुमारे 6 ते 6.5, तर जेडाइटचे 6.5 ते 7 असते. नेफ्राइटचे सूक्ष्म तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. त्यामुळे तो अत्यंत चिवट असतो आणि छिन्नीच्या घावाला दाद देत नाही.

म्हणून 'कोरीवकाम' हा शब्द येथे काहीसा फसवा आहे. जेड कोरला जात नाही, तो झिजवला जातो. ओल्या घर्षक वाळूच्या साहाय्याने, पूर्वी गारगोटी व गार्नेटच्या आणि पुढे कुरुंदाच्या चूर्णाने, फिरत्या चकतीखाली तो कणाकणाने उतरवला जातो. येथील प्रत्येक रेषा ही वेळ देऊन केलेली झीज होय. एकदा झिजलेला भाग परत मिळत नाही. लाकडात किंवा मऊ दगडात सहज मिळणारी रेषेची गती जेडमध्ये सावकाश घडवावी लागते. संथ झिजेतून आलेली रेषा जेव्हा एका झटक्यात ओढल्यासारखी भासते, तेव्हा कारागिराचे प्रभुत्व सिद्ध होते.

परंपरेने दिलेले निकष :

चिनी परंपरेत काटकसरीचे मोल जुने आहे. ईशान्य चीनमधील नवाश्मयुगीन होंगशान संस्कृतीतील 'वराह-व्याल' या नावाने ओळखली जाणारी वेटोळी पदके पाहिली असता डोळे, नाक आणि सुरकुत्या मोजक्या खोबणींत दाखविलेल्या दिसतात. उरलेले शरीर गुळगुळीत सोडलेले असते. हान काळातील (इ.स.पू. 206 ते इ.स. 220) सिकाडा कीटकाच्या आकृतींसाठी तर 'हानांचे आठ घाव' अशी संज्ञा रूढ झाली. आठ ही संख्या शब्दशः घ्यावयाची नाही. थोडक्या, ठाम छेदांत संपूर्ण प्राणी उभा करण्याची ती शैली होय.

मिंग काळाच्या उत्तरार्धात, सोळाव्या शतकात, सुझोऊ येथील लू झिगांग या कारागिराच्या नावाशी आयताकृती पदकांचा एक प्रकार जोडला गेला. त्यात एका बाजूस चित्र, दुसऱ्या बाजूस काव्यपंक्ती आणि दोन्हीकडे अत्यंत कमी उठाव अशी रचना असते. या पदकांत आकृतीइतकाच तिच्याभोवतीचा रिता तळ महत्त्वाचा असतो. आकृती उठून दिसण्यासाठी सभोवतालचा सारा भाग समपातळीत उतरवावा लागतो आणि तेथील लहानशी चढउतारही प्रकाशात उघडी पडते. तळ पाहिला की हात कळतो. याउलट नाममुद्रा फारसे काही सांगत नाही. लू झिगांगचे नाव कोरलेली असंख्य पदके छिंग काळातील व त्यानंतरची आहेत.

या संदर्भात छिएनलोंग सम्राटाचे (कारकीर्द 1736 ते 1795) उदाहरण विशेष उद्बोधक आहे. समकालीन सुझोऊ कारागिरांच्या अतिरेकी जाळीकामावर त्याने टीका केली आणि त्या प्रवृत्तीला जेडवरील संकट मानले. दगडाचे वजन वाचविण्यासाठी आणि ग्राहकाला दिपविण्यासाठी केलेली गर्दी त्याला मान्य नव्हती. मात्र याच सम्राटाने आपल्या संग्रहातील अनेक प्राचीन जेडवस्तूंवर स्वतःच्या कविता कोरून घेतल्या. संयमाचा पुरस्कर्ता रित्या पृष्ठभागासमोर स्वतः संयमी राहिला नाही. निकष उच्चारणे आणि तो पाळणे यांतील हे अंतर प्रत्येक समीक्षकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

हिंदुस्थानी धारा :

छिएनलोंगने ज्या जेडकामाची मनापासून प्रशंसा केली, त्यात हिंदुस्थानी कामाचा समावेश होतो. मुघल दरबारात 'यशम' किंवा 'यशब' या नावाने ओळखला जाणारा हा दगड पात्रे, खंजिरांच्या मुठी आणि पदके यांसाठी वापरला गेला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात शाहजहानचे हिजरी 1047 (इ.स. 1637-38) असा काळ कोरलेले जेडचे पदक आहे. असे पदक 'हौलदिली' म्हणून ओळखले जाई. हृदयाची धडधड शमविण्यासाठी ते धारण करीत. मराठीतील 'हवालदिल' हा शब्दही याच फारसी घराण्यातील होय.

हौलदिलीत अक्षरलेखन हाच मुख्य अलंकार असतो. त्यामुळे येथे कसोटी अक्षराच्या वळणाची, जाडबारीकपणाची आणि दोन अक्षरांमधील अवकाशाची असते. कुंदन पद्धतीने सोने व माणके जडविलेल्या मुघल पदकांबाबत मात्र आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : जडाव मनाने बाजूला केला, तर खालचे कोरीवकाम स्वतःच्या बळावर उभे राहते काय?

यंत्र आणि परीक्षण :

आज पदकांचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन दोन पद्धतींनी होते. श्राव्यातीत कंपनांच्या यंत्रात पोलादी ठसा घर्षक द्रवातून दगडावर दाबला जातो. ठसा सरळ आत जाऊन सरळच बाहेर येत असल्याने आकृतीच्या कडांखाली आत वळणारा छेद त्याला घेता येत नाही. खोबणींची खोली ठरावीक व कडा बोथट राहतात. संगणकनियंत्रित यंत्र अधिक सूक्ष्म काम करते, परंतु हाताने सफाई न केल्यास त्याच्या हत्याराच्या समांतर, समान अंतरावरील खुणा भिंगाखाली दिसतात.

यावरून 'यंत्र म्हणजे हीन' असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. पायाने चालविलेली चकती हेही यंत्रच होते. आक्षेप यंत्राला नसून निर्णयाच्या अभावाला आहे. प्रत्येक दगडात रंगाचा पट्टा, ढग किंवा चीर वेगळी असते. ठसा मात्र ते न पाहताच एकच बुद्धमूर्ती शंभर दगडांवर उमटवितो. तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयातील प्रसिद्ध जेडाइट कोबी हे पदक नसले, तरी तेथे दगडाचा पांढरा भाग देठ आणि हिरवा भाग पान झाला आहे. असा निर्णय दगड पाहिल्याशिवाय घेता येत नाही.

दुसऱ्या टोकाची चूकही टाळली पाहिजे. साधेपणा हा नेहमीच कलात्मक संयम नसतो. उत्तम जेडाइटमध्ये प्रत्येक कणाला किंमत असल्याने निर्दोष तुकडा व्यापारी हिशेबानेच सपाट ठेवला जातो, तर चीर असलेल्या तुकड्यावर ती झाकण्यासाठी पाने-फुले कोरली जातात. चिरेलाच फांदी करणारा कारागीर आणि चिरेवर पानांचा ढीग रचणारा कारागीर यांत भेद करणे हेच परीक्षकाचे काम होय.

समारोप :

वरील विवेचनावरून पुढील कसोट्या हाती येतात :

1. आकृतीची योजना त्या विशिष्ट दगडातून सुचली आहे काय?
2. रेषा आरंभापासून अखेरपर्यंत जिवंत आणि सलग आहे काय?
3. रिता तळ समपातळीत आहे काय?
4. खोलगट कोपऱ्यांत, मागील बाजूस आणि दोऱ्याच्या छिद्रात झिलईची तीच काळजी दिसते काय?

पदक गळ्यात असते तेव्हा यांतील शेवटच्या जागा कोणाच्याही दृष्टीस पडत नाहीत. म्हणूनच तेथील काम सर्वांत विश्वसनीय साक्ष देते.

या कसोट्या न वापरता केवळ दगडाच्या किमतीलाच कामाची प्रत मानले, तर सामान्य दगडावर असामान्य काम करणारा कारागीर नामशेष होईल आणि महागड्या दगडावरील निष्काळजी काम कला म्हणून गौरविले जाईल. दगडाचे मोल बाजार ठरवील. कामाचे मोल मात्र डोळस परीक्षणानेच ठरले पाहिजे.